एका आरमारी डॉक्टरची साक्ष

युद्धावर लिहिणाऱ्या लेखकांचे साधारणतः दोन वर्ग पडतात. एक, जे स्वतः लढले त्यांचा. आणि दुसरा, ज्यांनी लढाई दुरून पाहिली अथवा कागदपत्रांवरून जुळवली त्यांचा. पहिल्यांच्या लिखाणात आवेश असतो, दुसऱ्यांच्या लिखाणात व्यवस्था असते. परंतु या दोन्ही वर्गांत न बसणारा एक मनुष्य प्रत्येक युद्धात हजर असतो, आणि त्याने काही लिहून ठेवले असल्यास ते निराळ्याच कसोटीने वाचावे लागते. तो म्हणजे सैन्याबरोबर असलेला डॉक्टर. तो लढत नाही आणि दूरही राहत नाही. लढाईत काय घडले हे त्याला दिसत नाही. लढाईने काय केले एवढेच त्याच्यापुढे आणून ठेवले जाते.

त्यातही आरमारी डॉक्टरची अवस्था विशेष बिकट. जमिनीवरील युद्धात रणभूमीला पुढची बाजू असते तशी पाठची बाजूही असते. तेथे तंबू ठोकता येतो. जखमींना गाडीत घालून जवळच्या गावात नेता येते. लढाऊ जहाजाला अशी पाठच नसते. जहाज बुडाले तर रोगी आणि वैद्य एकाच वेळी बुडतात. आणि जहाज जिंकत असले तरी दवाखान्याच्या डोक्यावर तोफा चालूच असतात.

शिडाच्या जहाजांच्या काळी ब्रिटिश आरमारात सर्जनची लढाईच्या वेळची जागा पाण्याच्या पातळीखालच्या मजल्यावर असे. तोफगोळे सहसा तेथवर पोहोचत नसत, म्हणून ती निवडलेली. एरवी तेथे मिडशिपमन, म्हणजे अधिकारपदाचे तरुण उमेदवार, राहत आणि त्या जागेला कॉकपिट म्हणत. लढाईची चिन्हे दिसू लागली की या पोरांच्या पेट्या एकमेकींना भिडवून त्यांवर शिडाचे कापड अंथरीत. झाले शस्त्रक्रियेचे टेबल. उजेड कंदिलांचा, आणि छत इतके ठेंगणे की उंच मनुष्यास ताठ उभे राहता येऊ नये. ईथरने रोग्यास बेशुद्ध करून शस्त्रक्रिया करण्याची रीत १८४६ साली प्रसिद्धीस आली आणि जखमेतील जंतूंचा बंदोबस्त कसा करावा हे लिस्टरने १८६७ साली सांगितले. त्यापूर्वीच्या सर्जनच्या हाती सुरी, करवत, धमनी बांधावयाचा दोरा, थोडी अफू, थोडी दारू आणि स्वतःची चपळाई एवढीच सामग्री होती. वर काय चालले आहे हे त्याला लाकडाच्या थरथरीवरून आणि जिन्यावरून खाली येणाऱ्या माणसांच्या संख्येवरून ताडावे लागे.

या जागेतून जगासमोर आलेले तीन लेख आम्ही शेजारी शेजारी ठेवून वाचावयाचे योजिले आहे. पहिली टोबायस स्मॉलेट याची ‘रॉडरिक रँडम’ ही १७४८ सालची कादंबरी; दुसरी ‘आर्डेंट’ जहाजाचा सर्जन रॉबर्ट यंग याची १७९७ सालची सरकारी रोजनिशी; आणि तिसरा ‘व्हिक्टरी’ जहाजाचा सर्जन विल्यम बीटी याने १८०७ साली प्रसिद्ध केलेला लॉर्ड नेल्सनच्या मृत्यूचा वृत्तान्त. या तिघांत बीटीचे पुस्तक सर्वांत प्रसिद्ध. आमचा मुख्य विषयही तेच. पण बाकीच्या दोघांवाचून त्याचे मोल नीट ठरत नाही.

ट्रॅफल्गारची लढाई २१ ऑक्टोबर १८०५ रोजी स्पेनच्या दक्षिण किनाऱ्यानजीक झाली. ब्रिटिशांकडे २७ मोठी लढाऊ जहाजे होती, फ्रेंच व स्पॅनिश यांची मिळून ३३. ब्रिटिशांचा जय झाला आणि सेनापती नेल्सन मारला गेला, हे शाळकरी मुलासही ठाऊक असते. बीटी हा आयर्लंडातील लंडनडेरीचा; जन्म १७७३ सालचा. अठराव्या वर्षी आरमारात शिरून १८०४ च्या डिसेंबरात तो व्हिक्टरीवर सर्जन झाला. जहाजावर सुमारे ८२० माणसे होती आणि त्यांच्या शुश्रूषेस बीटी व त्याचे दोन साहाय्यक एवढे तीनच वैद्य. एका दुपारीत त्या जहाजावरची सुमारे १६० माणसे मेली वा जखमी झाली. हा आकडा वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

दुपारी सव्वाच्या सुमारास ‘रदुताब्ल’ या फ्रेंच जहाजाच्या डोलकाठीवरून सुटलेली बंदुकीची गोळी नेल्सनच्या डाव्या खांद्यात शिरली, फुप्फुसातून गेली आणि पाठीचा कणा मोडून पलीकडच्या स्नायूंत रुतली. साडेचार वाजता तो मेला. मधल्या सव्वातीन तासांचा हिशेब हाच बीटीच्या पुस्तकाचा गाभा होय.

या गाभ्यातील लेखन उत्तम आहे, हे प्रथम सांगितले पाहिजे. बीटी स्वतःचा उल्लेख ‘मी’ असा करीत नाही. ‘सर्जन’ असा करतो. ही शैली सरकारी वाटते खरी. परंतु तिच्यामुळे एक मोठा लाभ झाला आहे. आपण इतिहासाच्या किती जवळ उभे होतो याची प्रौढी मिरवण्यास तिच्यात जागाच उरत नाही. नेल्सनला खाली आणीत असता खलाशांनी ओळखू नये म्हणून त्याने आपले तोंड व छातीवरची पदके रुमालाने झाकून घेतली होती. बीटी त्या वेळी दोघा जखमींना तपासून ते मेले आहेत असे ठरवीत होता. इतक्यात भोवतालचे जखमी त्याला हाका मारू लागले. तो धावला. तो आणि पर्सर, म्हणजे जहाजाच्या कोठीचा अधिकारी, बर्क असे दोघे नेल्सनला उचलून नेत असता अडखळले, पण पडले नाहीत. एखाद्या स्तुतिपाठकाने हे अडखळणे खचित गाळले असते. बीटीने ते ठेवले. ज्या जमिनीवर जागोजाग माणसे पडलेली आहेत तिच्यावरून एका मनुष्यास उचलून नेणे म्हणजे काय, हे त्या एका शब्दाने कळते.

पुढे रोग्याची तपासणी येते. छातीत दर मिनिटाला रक्ताचा लोंढा येतो आहे, कमरेखालची जाणीव गेली आहे, कण्याला मार बसला आहे, ही लक्षणे नेल्सन सांगतो व बीटी ऐकतो. काही महिन्यांपूर्वी तशीच जखम झालेला मनुष्य नेल्सनने पाहिलेला असल्यामुळे रोग्याला स्वतःचे निदान वैद्याइतकेच ठाऊक आहे, आणि ते ठाऊक आहे हेही दोघांना ठाऊक आहे. अखेर बीटीला कबूल करावे लागते की देशाच्या दुर्दैवाने आपल्या हातून काही होण्यासारखे नाही. आणि आपला उमाळा दिसू नये म्हणून तो तोंड फिरवून दोन पावले बाजूला होतो. वैद्याच्या आयुष्यातील सर्वांत कठीण वाक्य कोणते, असे कोणी विचारल्यास हे पान दाखवावे. येथे अश्रूंचे वर्णन नाही. पाठमोरा झालेला एक मनुष्य तेवढा आहे.

आणखी एक गोष्ट बीटी सरळपणे सांगतो. जखम प्राणघातक आहे हे कप्तान हार्डी, धर्मोपदेशक स्कॉट, बर्क आणि आपले दोघे साहाय्यक यांच्याखेरीज विजय निश्चित होईपर्यंत त्याने कोणासही कळू दिले नाही. येथे त्याच्या नोकरीचे खरे स्वरूप उघडे पडते. गावातल्या डॉक्टरने रोग्याची स्थिती गुप्त ठेवली तर ती रोग्यासाठी किंवा घरच्या माणसांसाठी. जहाजावरचा डॉक्टर ती लढाईसाठी गुप्त ठेवतो. एका अंगावर दोन पोशाख असलेला हा मनुष्य आहे. त्याने शपथ वैद्यकाची घेतलेली असते आणि पगार तो आरमाराचा खात असतो. बहुतेक दिवस हे दोन धनी एकच आज्ञा देतात, म्हणून निभावते.

ते निभावले नाही तर काय होते हे पाहण्यासाठी स्मॉलेटकडे वळावे लागते. स्मॉलेट १७२१ साली स्कॉटलंडात जन्मला आणि विशीच्या उंबरठ्यावर असता सर्जनचा साहाय्यक म्हणून ‘चिचेस्टर’ जहाजावर चढला. हे जहाज १७४१ साली दक्षिण अमेरिकेतील कार्ताहेना हे स्पेनचे ठाणे घेण्यासाठी निघालेल्या मोहिमेत होते. मोहीम पार फसली; शत्रूच्या गोळ्यांपेक्षा पिवळ्या तापाने व इतर रोगांनी अधिक माणसे खाल्ली. सात वर्षांनी त्याने आपल्या कादंबरीचा नायक ‘थंडर’ या कल्पित जहाजावर त्याच हुद्द्यावर चढवला, तो याच अनुभवाच्या जोरावर.

कादंबरीत रॉडरिक प्रथम रोग्यांच्या जागेत जातो तेव्हा सुमारे पन्नास रोगी रांगेने टांगलेले दिसतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला बिछान्यासह १४ इंच रुंदीची जागा आलेली असते. हे १४ इंच वाचकाच्या डोक्यातून जात नाहीत. पुढे कप्तान ओकम याला जहाजावर ६१ रोगी आहेत असे कळते. आपल्या जहाजावर रोगी असणे हाच त्याला अपमान वाटतो. सर्जन मॅकशेन हा त्याची मर्जी राखणारा. तेव्हा रोग्यांना ओढून डेकवर आणून त्यांची ‘तपासणी’ होते. ताप असलेला ढोंगी ठरतो, जलोदराचा रोगी आळशी ठरतो, आणि रोग्यांची संख्या एका डझनाच्या आत येते. औषध कोणतेच दिलेले नसते. काही जण त्या धक्क्यानेच मरतात. कागदावर मात्र जहाज निरोगी झालेले असते.

स्मॉलेटने अतिशयोक्ती केली असे म्हणणारे टीकाकार आहेत, आणि ओकमसारखा राक्षस प्रत्येक जहाजावर नसे हे उघड आहे. पण मूळ प्रश्न अतिशयोक्तीचा नव्हेच. रोगी कोणाला म्हणावे हे वैद्याने ठरवावे की कप्तानाने, हा तो प्रश्न आहे. आणि ज्या नोकरीत वैद्य कप्तानाच्या हुकमाखाली असतो त्या नोकरीत तो नेहमीच उभा असतो. रोगांनी होणारी हानी काही कल्पित नव्हती. १७५६ ते १७६३ या सप्तवार्षिक युद्धाचा ब्रिटिश आरमाराचा जो हिशेब त्या काळी प्रसिद्ध झाला त्यात भरती झालेले खलाशी १,८४,८९९; लढाईत मेलेले १,५१२; आणि रोगाने मेलेले अथवा बेपत्ता झालेले मिळून १,३३,७०८. या तिसऱ्या आकड्यात पळून गेलेलेही आहेत हे मान्य करूनही, आरमारी डॉक्टरचा शत्रू फ्रेंच की स्कर्व्ही आणि ताप, याविषयी शंका राहत नाही. ‘सॉल्झबरी’ या युद्धनौकेचा सर्जन जेम्स लिंड याने १७४७ साली स्कर्व्हीच्या १२ रोग्यांवर प्रयोग करून संत्री-लिंबांचा गुण दाखवला होता, १७५३ साली त्यावर ग्रंथही लिहिला. तरी सगळ्या आरमाराला लिंबाचा रस नियमाने मिळू लागण्यास १७९५ साल उजाडावे लागले. तेव्हा स्मॉलेटचा राग अस्थानी होता असे म्हणवत नाही.

त्याचा दोष दुसरीकडे आहे. त्याला रोग्यांपेक्षा रोग्यांवर जुलूम करणाऱ्यांचे अधिक आकर्षण आहे. ओकम, मॅकशेन, वेल्श साहाय्यक मॉर्गन ही माणसे बोलतात, भांडतात, मनात ठसतात. १४ इंचांत टांगलेले पन्नास जण मात्र पन्नासच राहतात. त्यांतला एकही आपल्याला दुसऱ्यांदा भेटत नाही. उपहासकाराला चाबूक हवा असतो, आणि येथे रोग्यांच्या यातनांचा त्याने चाबूक केला आहे. तो योग्य पाठीवर बसतो. पण चाबकाला चेहरा नसतो.

आता यंगची रोजनिशी पाहावी. ११ ऑक्टोबर १७९७ रोजी कँपरडाउन येथे ब्रिटिश व डच आरमारांची लढाई झाली. ६४ तोफांच्या आर्डेंटवर ४१ माणसे ठार व १०७ जखमी झाली, कप्तानही पडला. यंगजवळ त्या दिवशी एकही वैद्यकीय साहाय्यक नव्हता. लढाई चालू असताना ९० जखमी त्याच्याकडे उतरवण्यात आले. दुपारी एकच्या सुमारास त्याने हातात शस्त्र घेतले ते दुसऱ्या पहाटे चारच्या सुमारास खाली ठेवले. कॉकपिट, आजूबाजूच्या खोल्या, नांगराचे दोर ठेवावयाची जागा, इतकेच काय पण औषधपट्ट्या मांडलेला चौथरासुद्धा माणसांनी भरून गेला. काही काळ तर जखमींना जिन्याच्या पायथ्याशी एकमेकांवर ठेवावे लागले. मध्येच दारूचा स्फोट होऊन चौदा-पंधरा जण एकदम खाली कोसळले. तोंडे कोळशासारखी, कपडे फाटून चिंध्या झालेले, टोप्या पेटलेल्या. हे सर्व यंग सांगतो आणि मग एक अशी गोष्ट सांगतो की जी कोणत्याही वीरचरित्रात सापडत नाही: थकव्याने आपला तोल इतका गेला होता की हात किंवा पाय कापावयास घेतल्यावर रक्तवाहिन्या बांधून होण्यापूर्वीच आपण कोसळू, अशी भीती मनात बाळगूनच त्याने काही शस्त्रक्रिया सुरू केल्या.

ही रोजनिशी छापण्यासाठी लिहिलेली नव्हती. नियमाप्रमाणे वरिष्ठांकडे पाठवावयाचा तो कागद होता. म्हणूनच तिच्यात वाचकाला खूश करण्याची धडपड नाही, आणि लेखक आपल्या शरीराची मर्यादा लपवीत नाही. एका दृष्टीने या तिघांत सर्वांत खरा लेख हाच. परंतु तोही अपुरा आहे. कारण ९० माणसे एका माणसासमोर आली की त्यांना नावे राहत नाहीत, जखमा राहतात. यंगला दोष देता येत नाही. ज्याला श्वास घेण्यास फुरसत नव्हती त्याने व्यक्तिचित्रे का रेखाटली नाहीत, असे विचारणे निर्दयपणाचे होईल.

या पार्श्वभूमीवर बीटीकडे परत येऊ. त्याच्यासमोर एक रोगी असा होता की ज्याचे नाव जगाला ठाऊक होते. त्या रोग्याविषयी लोकांना सर्व काही हवे होते: तो काय बोलला, कोणता अंगरखा घातला होता, छातीवरची चिन्हे झाकून का घेतली नाहीत, देह इंग्लंडपर्यंत कसा टिकवला. बीटी एकेकाचे उत्तर देतो. चिन्हे झाकण्याविषयी आपण स्वतः बोलणार होतो पण संधी मिळाली नाही, हे तो सांगतो. देह ब्रँडीत का ठेवला याची कारणे देतो. शवपरीक्षेचा तपशील देतो आणि सत्तेचाळीस वर्षांच्या या मनुष्याची आतली इंद्रिये तरुणाच्या इंद्रियांसारखी होती असे नोंदवतो. नेल्सन किती चालत असे, किती बेताने जेवत असे, तेही येते. येथवर येता येता पुस्तकाची प्रकृती बदललेली असते. वैद्याची टिपणी संपून भक्ताचे चरित्र सुरू झालेले असते. गोळी त्याने जपून ठेवली. तिला चिकटलेल्या सोनेरी कलाबतूच्या धाग्यांसह ती आज इंग्लंडच्या राजघराण्याच्या संग्रहात आहे. पुस्तकाचेही काहीसे तसेच झाले. रोग्याच्या शरीरातून काढलेली वस्तू पाहता पाहता पूजेची वस्तू बनली.

चित्रकार डेव्हिस याने १८०७ साली याच प्रसंगाचे प्रसिद्ध चित्र पुरे केले. व्हिक्टरी परत आल्यावर तो जहाजावर जाऊन सर्व पाहून आला होता. तरी चित्रात त्याने कॉकपिटचे छत प्रत्यक्षाहून पुष्कळ उंच काढले. मरणाऱ्या वीरावर प्रकाश पडावा आणि भोवतीची माणसे भव्य दिसावीत यासाठी त्याला उंची हवी होती. बीटीच्या पुस्तकाच्या उत्तरार्धातही छत असेच उंच झाले आहे.

यावर कोणी म्हणेल, पुस्तकाचे नावच लॉर्ड नेल्सनच्या मृत्यूचा वृत्तान्त. त्यात इतरांची अपेक्षा का करावी? आक्षेप रास्त आहे, आणि बाहेरून आणलेल्या मागणीवर आम्हीही पुस्तकाला दोष दिला नसता. परंतु ही मागणी बाहेरची नाही. ती पुस्तकातल्याच एका मनुष्याने केलेली आहे, आणि तो मनुष्य म्हणजे स्वतः नेल्सन.

बीटीनेच लिहून ठेवलेला प्रसंग असा. रिव्हर्स नावाच्या जखमी उमेदवाराकडे थोडा वेळ जाऊन बीटी परत आला. तेव्हा नेल्सनने त्याला सांगितले की माझ्यासाठी तुम्हाला काही करता येण्यासारखे नाही; ज्यांना तुमचा उपयोग होईल त्या जखमींकडे जा. बीटीने उत्तर दिले की त्यांच्यासाठी माझे साहाय्यक शक्य ते सर्व करीत आहेत. नेल्सनने आपली आज्ञा पुन्हा केली, अनेकदा केली. तेव्हा बीटी उठला. येथे सेनापती वैद्यापेक्षा अधिक वैद्य होता. जेथे उपाय चालत नाही तेथे न रेंगाळता जेथे चालतो तेथे जावे, हा जखमींच्या गर्दीतला पहिला नियम त्याने सर्जनला शिकवला. १९४९ सालच्या जिनीव्हा करारांनी उपचारांचा क्रम केवळ वैद्यकीय निकडीवर ठरावा असे लिहून ठेवले. दीडशे वर्षांपूर्वी एका मरणोन्मुख मनुष्याने तेच तोंडी सांगितले होते. तेनेरीफच्या हल्ल्यात १७९७ साली त्याचा स्वतःचा उजवा हात जहाजावरच्या सर्जनने कापला होता; कॉकपिटमध्ये आपली पाळी येण्याची वाट पाहणे म्हणजे काय, हे त्याला पुस्तकातून समजावयाचे नव्हते.

आणि आता पुस्तकातले ते स्थळ, की ज्यासाठी हा सर्व प्रपंच. साडेचारच्या थोडे आधी नेल्सनच्या सेवकाने बीटीला बोलावले. बीटीने हात हाती घेतला. तो थंड होता, नाडी लागत नव्हती. नेल्सनने डोळे उघडले, वर पाहिले, आणि मिटले. बीटी पुन्हा इतर जखमींकडे गेला. त्याला जाऊन पाच मिनिटे झाली नाहीत तोच सेवक सांगत आला की सर्व आटोपले.

म्हणजे ज्या मृत्यूचा वृत्तान्त लिहावयाचा त्या मृत्यूच्या क्षणी लेखक तेथे नव्हता. आणि तो नव्हता हे तो स्वतःच लिहितो. एका ओळीने तो स्वतःला शय्येजवळ बसवू शकला असता. कोणी त्याला खोटे पाडले नसते. त्याने तसे केले नाही. आमच्या मते बीटीच्या सचोटीचा याहून मोठा पुरावा नाही. सर्जनने सेनापतीची शेवटची आज्ञा अक्षरशः पाळली होती, आणि त्याचे पुस्तकच तिची नोंद देते.

परंतु तीच आज्ञा लेखकाने पाळली नाही. त्या पाच मिनिटांत बीटीच्या हाताखाली कोण होते? कोणाचा पाय, कोणाचा दंड, कोणाचे पोट? तो मनुष्य वाचला की गेला? पुस्तक गप्प आहे. सर्जन उठून इतरांकडे गेला, पण लेखणी मागेच, त्या एका शय्येपाशी बसून राहिली. सुमारे १६० जणांपैकी जे पुस्तकात येतात ते नेल्सनच्या कंदिलाचा उजेड ज्यांच्यावर पडला तेवढेच: जे त्याच्या शेजारी पडले होते, ज्यांची त्याने चौकशी केली, ज्यांच्यामुळे सर्जन क्षणभर दूर होता.

हा दोष बीटीचा एकट्याचा नाही, आणि इंग्रजांचाही एकट्यांचा नाही. पानिपतच्या संहारानंतर पेशव्यांकडे आलेला तो सांकेतिक निरोप आपणा सर्वांस पाठ आहे. त्यात मोती आहेत, मोहरा आहेत, आणि मग रुपये व खुर्दा, ज्यांची गणती नाही. कोणत्याही समाजाची स्मरणशक्ती नाणी अशीच वेगवेगळी करून ठेवते. इतिहासकाराने व बखरकाराने तसे केले तर ते त्याच्या व्यवसायाला धरून आहे असे एक वेळ म्हणता येईल. डॉक्टरला मात्र ती सवलत नाही. कारण कॉकपिटमध्ये मोती आणि खुर्दा एकाच शिडाच्या कापडावर ठेवावे लागतात, आणि ते तेथे सारखेच रक्तबंबाळ होतात, हे जगात एकट्या त्यालाच डोळ्यांनी दिसलेले असते. तोच हे सांगणार नसेल तर दुसरा कोण सांगणार?

याची एक खूण त्या दिवसाच्या आठवणींत शिल्लक आहे. वेस्टफल नावाच्या एका जखमी मिडशिपमनच्या डोक्याखाली ठेवावयास उशी नव्हती, म्हणून नेल्सनच्या अंगावरून काढलेल्या अंगरख्याची गुंडाळी त्याच्या उशाला दिली गेली. मुलाच्या जखमेचे रक्त सुकून केस खांद्यावरच्या कलाबतूला असे चिकटले की काही गोंडे कापून काढावे लागले. तो अंगरखा आज ग्रिनिचच्या आरमारी संग्रहालयात आहे आणि लोक गोळीचे छिद्र पाहण्यासाठी त्याच्यापुढे उभे राहतात. तुटलेल्या गोंड्यांकडे पाहणारा थोडा. कॉकपिटची खरी हकीकत त्या गोंड्यांत आहे. तेथे सेनापतीचा अंगरखा ज्याला हवा त्याची उशी होतो.

तिन्ही लेखांचा निवाडा करावयाचा तर असा करावा लागेल. स्मॉलेटजवळ रोष आहे आणि जुलूम कोठून येतो याचे ज्ञान आहे. त्याला रोग्याचा चेहरा दिसत नाही. यंगजवळ सर्व रोगी आहेत आणि स्वतःविषयीचे संपूर्ण सत्य आहे. त्याला वेळ नाही. बीटीजवळ वेळ आहे, दृष्टी आहे, भाषेचा संयम आहे आणि एक चेहरा आहे. तो एकच आहे. २००५ साली, ट्रॅफल्गारच्या द्विशताब्दीच्या निमित्ताने, बीटीचे स्वतंत्र चरित्र इंग्रजीत प्रसिद्ध झाले, आणि सर्जनच्या मागे लपलेला मनुष्य काही अंशी उजेडात आला. बीटीला आयुष्यात मान मिळाला. १८०६ साली तो ग्रिनिचच्या आरमारी रुग्णालयाचा वैद्य झाला, १८३१ साली ‘सर’ झाला, १८४२ साली वारला. ग्रिनिचला त्याच्यासमोर म्हातारे, लंगडे, थोटे खलाशी वर्षानुवर्षे येत राहिले. त्यांच्याविषयी त्याने असे दुसरे पुस्तक लिहिले नाही.

युद्धकथा आपल्या घरोघर आवडीने वाचल्या जातात, आणि मुलांच्या हातीही त्या आपण हौसेने देतो. बीटीचे पुस्तकही द्यावे. नेल्सनचे धैर्य खरे आहे आणि वैद्याचे दुःखही खरे आहे. मात्र सेवक धावत येतो त्या पानावर वाचणाऱ्याला क्षणभर थांबवावे आणि विचारावे की डॉक्टर या वेळी कोठे होता. उत्तर पुस्तकातच आहे: तो ज्याला वाचवता येण्यासारखे होते त्याच्याजवळ होता.